एका पंगतीतल्या दोन ओळी

हार्ट अटॅकच्या रुग्णाला तीन आठवडे आडवं ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवलं तर तो लवकर बरा होतो, हे धुळ्याच्या डॉ. ओस्तवालांना ब्याऐंशी साली सिद्ध करायचं होतं. त्यासाठी वॉर्डातल्या खिडकीकडच्या रांगेला रोज तासभर खुर्ची आणि भिंतीकडच्या रांगेला सक्त पलंग, असं सहा महिने चाललं. निष्कर्ष जिथे वाचायचे होते ती डॉक्टरांची परिषद आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी आकडे मांडून पाहिले. दोन्ही रांगा सारख्याच ठणठणीत होत्या.

"भिंतीकडचे कसे काय बरे झाले?" त्यांनी वॉर्डातल्या आयाबाईंना, भागामावशींना विचारलं.

"तुमना राउंड व्हयना का मी त्यासले बी तासभर बसाडस."

"कुणाला विचारून?"

मावशी खुर्ची पुसत राहिल्या. "एकच पंगतमा एक ओळले बट्टी नि दुसरी ओळले नुसतं पानी वाढं, ते पाप लागस, साहेब."

"पण तसं मीच सांगितलं होतं ना?"

"म्हनीसनच. पाप जेवन देनारले नही लागत, वाढनारले लागस."