हळू चालवलं की झालं

"चारही चाकं ओढतात, आई. कितीही बर्फ असो, गाडी चढणारच," म्हणत योउनीनं आपल्या नव्या गाडीवर थाप मारली. बर्फात पकड घेणारे तिचे खिळ्यांचे टायरही कोरे होते. हिल्का सुनेच्या जुन्या गाडीपाशी वाकली आणि तिच्या टायरवरून अंगठा फिरवला. निम्मे खिळे गळालेले, उरलेले घासून गुळगुळीत.

"आणि हिला हे?"

"मार्याला चालतात अगं. हळू चालवलं की झालं."

मार्या रोज साठ किलोमीटरवरच्या इस्पितळात कामाला जायची, मागच्या सीटवर लेकीला घेऊन. योउनी जायचा इनारीच्या गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायला.

"वाटेत रेनडियर आडवा आला तर तिनं थांबायचं कशानं? तुझ्या थोबाडानं?"

योउनी हसला. ते हसू बघून हिल्काला शिसारी आली. असलं आपल्याच पोटी निपजलं. घरात जाऊन तिनं खुंटीवरची नव्या गाडीची किल्ली काढली आणि कामावर निघायची तयारी करत असलेल्या मार्याच्या हातात ठेवली. योउनी मागोमाग आत आला.

"अगं आई, मग मी तळ्यावर कसा जाऊ?"

"जा की हिच्या गाडीनं. हळू चालवलं की झालं."