कडेचं रोप

उद्या दवाखान्यात राल्फच्या मणक्यात नवं जनुकीय औषध सोडणार होते. “पहिल्या टप्प्यात औषध झेपतंय का, एवढंच बघतात, बाबा. गुण येईल असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत. मग कशाला?” हेझल कावली होती. घराण्यातल्या आजारानं राल्फचे हात लुळे पडले होते. त्यामागचा जनुकातला दोष परवा तिच्याही रक्तात सापडला होता. समोर वाफ्यात डरहॅमच्या भाजी-प्रदर्शनासाठी जोपासलेली, कांद्याच्या जातीच्या लीकची मनगटाएवढी जाड रोपं उभी होती. “नवं खत घाल,” तो जड जिभेनं म्हणाला, “फक्त कडेच्याला.” “सगळ्यांना का नको?” “आधी एकालाच घालून बघायचं. तसंही कामातून गेलेल्याला.” “जळलं तर?” “बाकीच्यांना किती घालायचं ते तरी कळेल.” हेझलनं झारी दोन्ही हातांनी धरली आणि खताचं पाणी थेंबथेंब सोडलं. राल्फ हसला. “पोरी, मलासुद्धा इतकं जपून देणार नाहीत!”