ठिणगीचं भोक

मृण्मयीने मोठ्या हौसेने गोधडी उलगडली. "आजी, तुमच्या अकाउंटवरून मागवली होती. इकडून जात होते, म्हटलं तुमची सही घेऊन जावी."

शेवंताबाईंनी चष्मा लावला. गोधडीच्या मधोमध निळ्या चौकड्यांचं ठिगळ होतं आणि त्यात जळून पडलेलं बारीक भोक. यजमानांचा शर्ट! तो ज्या गोधडीत शिवला होता ती तर आत पलंगावर होती. ती विकायची नव्हतीच. आपलं काम लोकांना दिसावं म्हणून त्यांनी तिचा एक फोटो तेवढा अकाउंटवर टाकला होता. तेव्हापासून त्या अकाउंटवरचं एआय त्यांच्याच चेहऱ्याने बोलत होतं, नवी डिझाइन्स काढत होतं, विकत होतं.

"यजमानांच्या विडीनं पडलंय ना हे? व्हिडिओत किती रडलात तुम्ही!"

"विडी?" शेवंताबाई कडाडल्या. "अगं, जन्मात विडीला शिवले नाहीत ते! वेल्डर होते. कामावरच्या ठिणगीनं पडलंय ते."

त्यांनी फोन उचलला. "ए भवाने, विडी कुठून आणलीस? खरं सांग लोकांना!"

पडद्यावरच्या शेवंताबाई गोड हसल्या. "अहो, ठिणगीही सांगून पाहिली. विडीला लोक जास्त रडतात."

"आजी, जाऊ द्या ना," मृण्मयी पुटपुटली.

"कशी जाऊ देऊ? माझा माणूस आहे तो!"

ठिगळ उसवायला त्यांनी कात्री घेतली. तिचं टोक चारी कडांनी फिरवलं, पण कुठेच टाका लागेना. ठिगळ शिवलेलं नव्हतंच, नुसतं छापलेलं होतं.