सतरा सवालांचा फारम

"नाव काय म्हटलं भाऊ तुमचं?" तुळसाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं.

"सलील," रवी दुसऱ्यांदा खोटं बोलला. "यवतमाळहून आलो मावशी. कंपनीचा सर्वे हाय. धर्म, बातम्या, मोबाईल, खेळ, याच्यावर लोकायचं मत काय ते लिहून घ्याचं. पाच मिनिटाचं काम."

कंपनी-बिंपनी काही नव्हती. रवी आर्णीत टायरच्या दुकानात कामाला होता, आणि त्याच्या बहिणीला, दीपाला, या घरचं स्थळ आलं होतं. पोरगा तुळसाबाईचा एकुलता, धर्मपाल. सहा एकर कोरडवाहू, गावात टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मामा म्हणाले, पोरगं हिरा हाय, हो म्हणून टाक. मामांना आजवर एकही पोरगं दगड दिसलं नव्हतं.

कापसाचे दिवस असे आले होते की शेतीवाल्या घरी पोरगी द्यायची म्हटलं की माणसं पायाकडं पाहत बसायची. रवीला बाप नव्हता. चूक झाली तर ती त्याचीच होणार होती. म्हणून त्यानं ठरवलं होतं, स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय हो म्हणायचं नाही. मामा रुसले तर रुसले.

सरळ चौकशीला गेलं तर कोणी खरं सांगत नाही. सोयरीक मोडली तर आपलं नाव निघेल म्हणून अख्खं गाव गोड बोलतं. त्यावर हा फारम. दीपा कॉम्प्युटर क्लासला जायची, तिच्याकडूनच त्यानं तो टाईप करून घेतला. दुकानाचं काम आहे म्हणाला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. दीपा तशीच, गरीब गाय. म्हणून तर काळजी.

"पयला सवाल. देवाधर्माबद्दल मत?"

"आम्ही बौद्ध. माह्या सासूनं छप्पनच्या साली घरातले देव नेऊन अरुणावती नदीत सोडले. मी आता काढाले काहून जाऊ?" तुळसाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. "तुमच्या घरी हाय का देव?"

"नाही."

"डब्यायच्या मांगं बी नाही?"

रवीचा पेन अडला. त्याची आई तांदळाच्या डब्यामागं मरीआईचा टाक ठेवायची, अजूनही. पण असं पुष्कळ घरी असतं, म्हातारीनं सहजच विचारलं असेल.

"नाही मावशी. बरं, बातम्या पाह्यता का टीव्हीवर?"

"मागच्या साली चॅनलवाले इथंच आलते ना, शेतकऱ्यायच्या आत्महत्या दाखवाले. मले म्हणे, मावशी, जराशा रडा. मी म्हटलं, माह्या घरी कोणी मेलं नाही बापा. त म्हणे, मंग ज्याच्या घरी मेलं त्याचं घर दाखवा. चहा बी नाही पेले." तिनं शेंगांची फोलपटं झटकली. "तवापासून बातम्या लागल्या का मी आवाज बंद करतो अन् नुसती बाईची साडी पाह्यतो."

रवीला हसू आलं. त्यानं ते फारमात मान घालून लपवलं.

"खेळ?"

"मले काय कयते त्यातलं. पोराले नाद हाय. वर्ल्ड कपातून आपली टीम पयल्याच फेरीत वापस आली तवा दोन दिवस जेवला नाही. रडला बी. लिहू नका हे."

त्याच रात्री रवीनं स्वतः टीव्हीच्या स्टुलाला लाथ मारली होती, चार दिवस लंगडत होता. तरी त्यानं लिहिलं, 'अति नाद.'

"मोबाईल चांगला का वाईट?"

"चांगला. पण गावात रेंज नाही. पोरगं पाण्याच्या टाकीवर चढते. रोज साडेसातले. अर्धा तास."

"कोणासंग बोलते?"

"हे बी फारमात हाय?"

"हाय," रवी म्हणाला. नव्हतं.

"मी नाही इचारत. पण हसत खाली उतरते. म्हणजे गिऱ्हाईक त नसन."

रवीनं पेनचं टोपण लावलं. तेरा सवाल बाकी होते, पण आता गरज नव्हती. रोज. साडेसातला. अर्धा तास. हसत. दुकानावरची पोरं अशी हसत फोनवर बोलायची तेव्हा पलीकडं कोण असतं ते त्याला चांगलं माहीत होतं. म्हणजे या पोराचं बाहेर जुळलेलं आहे आणि लग्न आईसाठी. असल्या घरी दीपा आयुष्यभर तोंडातून शब्द काढणार नाही, आतल्या आत झुरत राहील.

म्हातारी त्याला आवडली होती, त्याचंच वाईट वाटलं. पण ठरलं ते ठरलं. आज मामाला नाही म्हणून सांगायचं. दीपाला आपणच सांगायचं, हळू आवाजात, समोर बसवून. रडली तर रडू द्यायचं.

"झालं एवढ्यात?" तुळसाबाई म्हणाली.

"झालं मावशी. येतो."

तो अंगणात आला, पिशवी हँडलला अडकवली, गाडी स्टँडवरून काढली. तुळसाबाई हात पुसत दारात आली.

"रवी."

किक मारायला उचललेला पाय तसाच राहिला.

"तुह्या फारमात सतरा सवाल हाय, टाकीवरच्या फोनात कयलं, चांगले हाय. दीपा मागच्या महिन्यात येकटीच आलती, तिनं दोनच इचारले. न्हाणीले दार हाय का, अन् धर्मपाल रागात हात उचलते का. त्याले समोर बसवून इचारले." तिनं पदर खोचला. "मंग चहा पेली, अन् जाता जाता लग्नाची तारीख ठरवून गेली. तुले अजून सांगतलं नाही का बेटा तिनं?"