दहाच्या खाली

"सिस्टर, रफीक मोमीनचा आकडा चार आलाय. औषध बंद करा," डॉ. इनामदार दारातूनच म्हणाले.

रक्तात जंतू पसरलेल्या रोग्याचं थेंबभर रक्त यंत्रात घातलं, की शंभरात त्याची जगण्याची शक्यता किती, ते पडद्यावर उमटायचं. आकडा दहाच्या खाली गेला की महागडं औषध बंद, खाट दुसऱ्याला. सहा वर्षं जिल्ह्यात हाच नियम होता.

सिस्टर कुंदा वाघचौरेंनी सलाईनला हातही लावला नाही. खाटेवरचा रफीक, यंत्रमाग कामगार, तापाने फणफणला होता.

"सर, दहाच्या खालचं आजवर कुणी वाचलंय?"

"एकही नाही. यंत्र चुकतच नाही."

"त्यातल्या कितीजणांचं औषध आपण चालू ठेवलं?"

डॉक्टर दारातून खाटेपाशी आले.

"एकाचंही नाही," सिस्टर म्हणाल्या. "मग ते चुकेल कसं? आपणच त्याला खरं करून दाखवतोय."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. पुढचा डोस चार वाजता आहे. सही तुम्ही करताय, की मी एकटीच करू?"

इनामदारांनी रफीककडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं.

सहाव्या दिवशी रफीकने चहा मागितला. तो त्याच्या हातात देऊन सिस्टर निकाल भरायला यंत्रापाशी गेल्या. दहाच्या खालच्यांसाठी तिथे एकच पर्याय होता : मृत.

"सर," त्यांनी तिथूनच हाक मारली, "इथे आणखी एक शब्द घालून घ्या."