पिवळा ठिपका

“मागच्या चाकांना कशाला हात लावतोस, दादा? पुढे डिस्क ब्रेक बसवलेस, तेवढं पुरे आहे.”

धाकट्याचं हे वाक्य सकाळपासून तिसऱ्यांदा झालं. गाडीखाली उताणा पडलेल्या थोरल्याने पाना फरशीवर आपटला.

“गाडी तू चालवणार म्हटल्यावर चार डिस्कही कमीच. जहाजाचा नांगर मिळाला असता तर तोही बांधला असता.”

धाकट्याने तो पाना उचलून परत त्याच्या हाताशी ठेवला. बावीस वर्षांत त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि थोरल्याचं डोकं नेमकं त्यानेच फिरायचं. माणसाने निदान भांडावं तरी!

ही बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार वडिलांची. त्यांनी ती हौसेने घेतली आणि बावीस वर्षांपूर्वी तिच्याच अपघातात ते गेले. चालवत होता धाकटा. उतारावरच्या वळणावर गाडी सरळ ओढ्यात उतरली. धाकट्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, हेसुद्धा थोरल्याने माफ केलेलं नव्हतं. त्याने भावाला घराचं दार बंद केलं, आणि गाडी आपल्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ढकलली.

गेल्या महिन्यात आईने हट्ट धरला. ह्यांची गाडी दोघांनी मिळून उभी करा, धाकट्याने मला तिच्यातून एक फेरी मारून आणावी, मग मी डोळे मिटायला मोकळी. थोरल्याने आकांडतांडव केलं. पण ऐंशी वर्षांच्या आईपुढे कुणाचं काय चालणार? शेवटी तो धाकट्याला म्हणाला, “ठीक आहे. पण ब्रेक मी नवे टाकणार. आणि फेरी मारून आलास की पुन्हा या दारात दिसायचं नाहीस. आई असेपर्यंत नाही, आई गेल्यावरही नाही.”

“बरं,” धाकटा म्हणाला होता. नुसतं बरं!

इंजिन झालं, पत्रा झाला. राहिलं होतं गाडीचं पोट. तिथे ओढ्याची तांबडी माती अजून वाळून बसली होती आणि तारेच्या ब्रशने खरवडताना थोरल्याच्या डोळ्यांत जात होती.

“चष्मा लाव ना.”

“मला शिकवू नकोस.”

पुढच्या ब्रेकचे जुने नट त्याने एका डब्यात जपून ठेवले होते. प्रत्येकावर पिवळ्या रंगाचा ठिपका. ही त्याची कामाची रीत. नट पूर्ण आवळला की ठिपका. ठिपका नाही, तर नट सैल आहे असं समजायचं. वडिलांना या रीतीचं इतकं कौतुक, की पिवळ्या रंगाची एक बाटली त्यांनी याच गाडीच्या खणात ठेवून दिली होती. पुढे तर लोक ठिपका बघूनच गाड्या आणू लागले.

थोरल्याने डबा खुळखुळवला. “बाबा त्या दिवशी निघायच्या घाईत हाकांवर हाका मारत होते. तरी मी गाडीचं पोट आधी आरशासारखं धुतलं, मग ब्रेकचा एकेक नट आवळला, एकेक ठिपका दिला. अपघातानंतर इन्स्पेक्टरने ठिपके मोजून बघितले. ब्रेकचं काम चोख, दोष चालवणाऱ्याचा, असं लिहून दिलं त्याने.”

“मी कुठे नाही म्हणतोय? वेग माझाच जास्त होता.”

हेच ते! पाढे म्हटल्यासारखं. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आणि बाबा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा तू कुठे होतास? इन्स्पेक्टर येईपर्यंत ओढ्यात बसून गाडी राखत होतास! बाप मरतोय आणि ह्याला पत्र्याची काळजी! अरे, वेग एखाद्याचा चुकतो. ते मी गिळलंही असतं. हे नाही गिळवत मला.”

धाकट्याच्या चपला गाडीच्या मागच्या बाजूला सरकल्या.

“मागचा डावा पाइप कापून टाक,” तो म्हणाला. “खोलत बसू नकोस. कटर देऊ?”

चोराच्या मनात चांदणं. थोरल्याने कान टवकारले.

“का? काय लपवलंयस तिथे?”

“काही नाही. कोळसा किती उगाळायचा, एवढंच.”

“मी उगाळणार!”

तो पाठीवर सरपटत मागे गेला आणि त्याने बॅटरी मारली. डाव्या चाकाच्या ड्रममागे, ब्रेक ऑइलचा पाइप जोडला होता तिथे नट होता, आणि नटावर पिवळा ठिपका. बावीस वर्षांनीही ठसठशीत. थोरल्याला इतका आनंद झाला, की त्याची त्याला लाज वाटायला हवी होती.

“वाक! वाकून बघ! आहे की नाही ठिपका? इथेही आहे!”

“दिसला, दादा.” धाकट्याने कटर गाडीखाली सरकवला. “आता काप. ऐक माझं एकदा.”

थोरल्याने पाना लावला आणि ताकद लावायला दंड ताणला. ताकद लागलीच नाही. त्याने पाना बाजूला ठेवून बघितलं. नट दोन बोटांनी फिरत होता.

“दादा,” बाहेरून धाकटा म्हणाला, “चहा घेऊ या का?”

 थोरल्याने बॅटरी आणखी जवळ नेली आणि अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडला. रंगाचा पापुद्रा अख्खा निघून आला. त्याच्याखाली ओढ्याची तांबडी माती होती.