दोन बोटं

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं तशी बाळाबाई ताडकन उठली. रहमतबी मात्र बाकावरून हलली नाही.

कामथडीत कुणाचीही बेंबी सरकली की बसवायला रहमतबीच. बोटांनी बेंबीखालचा ठोका शोधायचा, तेल लावून अंगठ्यानं तो जागेवर आणायचा. चाळीस वर्षं हेच. सकाळी बाळाबाईच्या नवऱ्याच्या, गेनूच्या पोटापाठीत कळ उठली तेव्हाही तिलाच हाक आली. तिनं दोन बोटं ठेवली आणि चटका बसल्यागत उचलली. आत मुठीएवढं काहीतरी धडधडत होतं.

"हे माज्या हातचं न्हाई," ती म्हणाली. "टेम्पो काडा. पुण्याला न्या."

"साऱ्या गावाची बसवतीस, अन् माज्याच मालकाला हात लावाया नको व्हय?" बाळाबाई कडाडली. मग टेम्पोत शेजारी बसूनही पुण्यापर्यंत तिनं अबोला धरला. रहमतबीला त्या अबोल्याचं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती आपल्या बोटांची. त्यांनीच तर आत काही फोडलं नसेल?

"वाचले," थिएटरच्या दारातून बाहेर येत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. रक्त कुठं झिरपलंय ते सीटी स्कॅनमध्ये लगेच दिसलं, म्हणून थेट टेबलावर घेता आलं. घरी पोट चोळलं होतं का कुणी?"

बाळाबाईनं मागं वळून पाहिलं. रहमतबी कशीबशी उभी राहिली.

"म्या दोनच बोटं ठिवली व्हती, बाई. माज्यानं फुटलं का?"

"नाही हो. कळ उठली तेव्हाच फुटलं होतं ते. पण तुम्ही चोळत बसला असतात, तर हे इथवर पोचलेच नसते कदाचित."

रहमतबीचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

बाळाबाई तिच्या शेजारी येऊन टेकली. मग तिनं रहमतबीचा हात उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"माजी बी बग गं. सकाळधरनं लई कसंतरी व्हतंय."

रहमतबीनं नाक पुसलं, दोन बोटं टेकवली, डोळे मिटले.

"तुजी जाग्यावरच हाय," ती म्हणाली. "तू उपाशी हाईस."